टाकी भरलेली

बाबलभाऊंच्या घरी चहा मिळतो, पण आधी बाटली बघावी लागते. खिडकीत औषधाची काचेची बाटली असते, निम्मी पेट्रोलने भरलेली. पाहुणा टेकला की भाऊ तिच्यात झाकणभर पाणी घालतात, बूच लावून खळखळ हलवतात आणि त्याच्या नाकासमोर धरतात. "बघा, पाणी घातलंय किती आणि तळाक जमला किती. ह्यो ऊस. माझ्या गाडयेक ऊस पाजल्यानी." पुतणीला बघायला आलेल्या मंडळींनाही हेच. मुलाच्या मामाला वाटलं सरबत, त्याने हात पुढे केला. लग्न ठरलं, ती देवाची कृपा.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, ते उसाबिसापासून करतात आणि ते पाण्याला ओढून घेतं, एवढं आता मलाही पाठ आहे. त्यांच्या-आमच्या घरांमधे कुंपणच काय ते.

पण बाटली अलीकडची. आधी भाऊ ओळखले जायचे ते भरलेल्या टाकीसाठी. बाजारात जाऊन आले तरी वाटेत पंपावर थांबायचे. पंपावरचा माणूस विचारायचा, "भाऊ, आज किती, चमचाभर?" भाऊंचं उत्तर ठरलेलं, "टाकी भरलेली आसली की घर भरलेला." गाडी जुनी, साईच्या रंगाची. तिचं दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. पावसाळाभर ती पत्र्याखाली उभी, टाकी काठोकाठ. रिकामी टाकी गंजते, असं त्यांना गाडी शिकवणाऱ्याने सांगितलं होतं. पूर्वीच्या पेट्रोलला ते खरंही असेल.

पावसात गाडी बाहेर निघायची ती गौरीच्या आदल्या दिवशी, तळेऱ्याहून आक्काला माहेरी आणायला. आक्का म्हणजे भाऊंची थोरली बहीण. तिला एसटी लागते, रिक्षा लागते, मुलाची एसीवाली गाडी तर फाटकातच लागते. फक्त बाबलभाऊंची गाडी लागत नाही. तरी भाऊ पुढच्या सीटवर लिंबू ठेवायचेच, आणि आक्का ते हुंगत हुंगत मालवणपर्यंत बोलत यायची.

गेल्या खेपेला गाडी चालूच होईना. घरघरली, खोकली, गप्प झाली. गॅरेजवाल्याने टाकी उपसली. झाकणाचं जुनं रबर फुगून चिरलेलं, त्यातनं तीन महिन्यांची ओल आत गेलेली, आणि तळाशी नुसतं पाणीच पाणी. "भाऊनू, उभ्या गाडयेत भरून कित्याक ठेवलास? ह्या पेट्रोल टिकणारा न्हय. थोडा ठेवूचा, ताजा घालूचा."

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. इतकी वर्षं जपलं तेच वैरी निघालं.

मी म्हटलं, "भावजी, रिक्षा करा. चार लिंबं द्या, पण आणा तिला."

"आक्काक ओकत ओकत म्हायेराक हाडू, वयनी?"

फोन केला त्यांनी. पलीकडचं मला ऐकू येत होतं, आक्काचा आवाजच तसा. ती पहाटेपासून पिशवी भरून ओटीवर बसली होती. म्हणाली, "आसूं दे रे बाबल्या. फुडल्या वर्सा येतंय."

दसऱ्याला मुलगा तिला मुंबईला घेऊन गेला. सातवा मजला, गुडघे गेलेले. आता ती यायची नाही, हे तिला ठाऊक आहे, भाऊंनाही. रविवारी तिचा फोन येतो.

"गाडी चालू आसा मां?"

"आसा गो."

"मगे बरा."

गाडी चालू आहेच. नव्या नळ्या, नवं झाकण, पेट्रोल बेताचं आणि ताजं. टाकीची म्हण मात्र भाऊ आता म्हणत नाहीत. चुलीवरचा भात करपला तरी उसाला शिव्या देतात, आणि आम्ही देऊ देतो.

यंदा गौरीच्या आदल्या दिवशी मी पातोळ्यांसाठी हळदीची पानं पुसत बसले होते. भाऊ कुंपणाशी आले. इस्त्रीचा सदरा, मागे गाडी धुऊन उभी.

"वयनी, तुमका खंय जावचा आसा?"

मला कुठे जायचं असणार? घरात सारण परातीत तसंच पडलेलं.

"तळेऱ्याक," मी म्हटलं.

हात पुसत मी पुढचं दार उघडलं. सीटवर लिंबू ठेवलेलं होतं.

दार हळूच लोटलं. लागलं नाही, म्हणून दोनदा आपटलं. आणि मागे जाऊन बसले.