एकेचाळीस आरसे आणि सोलरच्या प्लेटा

आमच्या गावच्या पाणी सोसायटीचा सचिव मी. बीडला जाऊन सोलर पंपाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेला गावातला एकटाच गडी! त्यामुळे दुष्काळात नुसतेच ढग येऊन ऊन अडवायला लागले आणि पंपाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा मी भर बैठकीत सांगितलं, "दोन दिसात मनगटाएवढी करून दावतो."

विहिरीत पाणी होतं, टाकीत नव्हतं. सत्तर घरं आणि त्यांची जनावरं त्या टाकीच्या भरवशावर.

प्लेटांच्या दोन्ही अंगांना आरसे बांधायचे, म्हणजे थोडकं ऊनही दुप्पट पडेल, असा माझा हिशेब. अध्यक्ष आप्पारावांना तो पटला. घरोघर फिरून मी एकेचाळीस आरसे जमवले. भिंतीवरचे, कपाटाचे, दाढीचे. मंजुळाबाईंनी लग्नातला आरसा दिला, पण कुरकुरत.

ढगाळ आभाळाखाली आरशांत ढगच दिसले. ऊन येऊ द्या, म्हणालो. दुसऱ्या दिवशी अकराला ते आलं आणि आरशांवरून थेट रस्त्यावर गेलं. बंकटचे बैल दिपले आणि गाडीसकट छबुबाईंच्या अंगणात शिरले. तिथं पोरगी बघायला पाहुणे आलेले, आणि घरात आरसा नसल्यानं पोरीची टिकली भुवईवर!

मंजुळाबाई तडक आपला आरसा सोडवायला आल्या. तोल सावरायला त्यांनी प्लेटेवर हात टेकला, तर धुळीत पंजाचा काळा ठसा उमटला. ओशाळून त्यांनी पदर भिजवला, ती प्लेट पुसली, मग शेजारची, मग सगळ्याच. आम्ही गडीमाणसं आरसे फिरवण्यात गुंग. टाकीतला आवाज बदलला तेव्हा वळून बघितलं. धार तीन बोटं झाली होती.

"सचिव, ह्या पुसायच्या असत्यात का?" त्यांनी साधेपणानं विचारलं.

प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आठवड्यातून एकदा पुसा. ते काम सोसायटीनं माझ्यावरच सोपवलेलं. पंप बसल्यापासूनच्या आठ महिन्यांत मी फडकं उचललं नव्हतं.

"असत्यात," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळच्या बैठकीत मंजुळाबाईंच्या सत्काराचा ठराव आला. ठराव लिहायचं काम सचिवाचं. कारण काय लिहू, म्हणून आप्पारावांकडं बघितलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "सचिवांना माहीत असलेली गोष्ट करून दाखवल्याबद्दल."

तसंच लिहिलं. पुढं 'सर्वानुमते मंजूर' लिहायचं होतं, म्हणून मग मीही हात वर केला.