नामदेवकाका आणि डुप्लिकेट रंधा

रंधा हातात आला की नामदेवकाका आधी त्याचा वास घेतात, मग तो आणणाऱ्याचा चेहरा निरखतात आणि दोघांबद्दल एकच निकाल देतात, "याच्यात भानगड हाये."

कळंबला ते माझे शेजारी. सगळी नोकरी जंगल खात्याच्या नाक्यावर सागवानाचे ट्रक तपासण्यात गेली, त्यामुळे समोरचा आधी चोर आणि मग पाहुणा, हे त्यांनी कायमचं ठरवून टाकलंय. बायको गेल्यावर त्यांनी सुतारांचे जुने रंधे जमवायला घेतले. स्वतः आयुष्यात एक फळी तासलेली नाही. फक्त पारखायचे आणि पेटीत घालून कुलूप ठोकायचं. मलासुद्धा पेटीपासून हातभर लांब बसवतात.

एकदा बाभुळगावच्या भंगारवाल्याकडून मी मोठ्या हौसेनं एक काळाकुट्ट रंधा आणला. काकांनी हुंगला.

"मास्तर, चहाचा वास येते. नव्या लाकडाले चहा पाजून म्हातारं केलं. अन् हे पातं पाय, दुसऱ्याच रंध्याचं ठोकून बसवलं. त्यानं तुले फसवलं, का तू मले फसवून राह्यला?"

मी चिडून त्यांच्याकडे जाणंच बंद केलं. तर हे दारात हजर. "काहून येत नाई? काहीतरी भानगड हाये."

गेल्या महिन्यात नागपूरहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला. काका त्याच्या बोटांवर नजर ठेवून एकेक रंधा दाखवत होते. पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक बुटका रंधा होता, मीही कधी न पाहिलेला. व्यापाऱ्यानं नेमका तोच उचलला. रंध्याच्या नाकावर, जिथे बनवणाऱ्याचा शिक्का असतो तिथे, वाळलेल्या कुंकवाचा जाड थर होता.

"विलायती दिसतोय," तो म्हणाला. "खालचा शिक्का दिसला तर मागाल तो भाव देतो." आणि तो रुमाल ओला करू लागला.

"डुप्लिकेट हाये!" काका ओरडले. "हात काढा! मीच चहा पाजला त्याले!"

व्यापारी वैतागून निघून गेला. दुसऱ्याची लबाडी शोधणारा माणूस स्वतःच्याच मालाला खोटं म्हणतो? काहीतरी लपवत असणार, अशी मला दाट शंका आली.

"काका, यात भानगड आहे," मी म्हणालो.

"हाये," ते खाली बघत म्हणाले. "अस्सल हाये हा. माह्या सासऱ्याचा. ते गेल्यावर तिनं इथं आणला. दर दसऱ्याले कुंकवाचं बोट लावे. मी हासो तिले. म्हणो, सुतार त गेला, आता कायले पूजा करतं?"

काकांनी रंध्याचं फडकं उचललं.

"आता दसऱ्याले बाकी सगळ्या रंध्याईले मीच कुंकू लावतो. याले नाई. माह्यं बोट पडलं त तिचं बुजून जाईन."

फडकं झटकायला त्यांनी तो रंधा पहिल्यांदाच माझ्या हातात दिला.

"धर, मास्तर. पण नाकाले हात लावू नको."