धुक्याला काही लागत नाही

कलेने जीवनाचे अनुकरण करावे, असे मागासलेल्या समाजांत मानतात. पुढारलेल्या समाजात जीवन कलेचे अनुकरण करते. कारण उघड आहे: कला आधी मंजूर झालेली असते आणि जीवनाचा अर्ज अजून विचाराधीन असतो.

ही गोष्ट चित्रकार इन्नोकेंती साव्विच लोपातिन यांना १९५१ च्या उन्हाळ्यात कळली. प्रांताच्या कलामंडळाने त्यांना झामोश्ये गावच्या सामूहिक शेतावर गवळण आणि गाय रंगवायला धाडलं होतं. गवळणीचं नाव उस्तिन्या प्रोखोरोव्ना. ती विधवा होती आणि समोरचे दात पडल्यामुळे तोंडावर हात धरूनच बोलायची. गाईच्या बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. लोपातिन यांनी दोघींना जसं पाहिलं तसं रंगवलं, आणि मंडळाने एकमताने ठरवलं की गाय रोड नसून चित्रकाराचा दृष्टिकोन रोड आहे. (मंडळावर एक निवृत्त घोडदळ अधिकारी होते. जनावरांचा प्रश्न त्यांच्यापुढे मिटला.)

लोपातिन यांनी मुकाट्याने गाईला मांस चढवलं आणि गवळणीला बत्तीस दात देऊन हसवलं. पावलं त्यांना कधीच नीट जमत नसत, म्हणून ती उंच गवतात लपवली. चित्र मॉस्कोच्या प्रदर्शनात लागलं, 'थेट जीवनातून घेतलेलं' म्हणून नावाजलं गेलं, आणि ते जीवन पाहायला समिती येणार असं पत्र जिल्ह्याला आलं.

मग जीवनाची धावपळ सुरू झाली. जिल्ह्यातून पेंडीची पोती आली. उस्तिन्याला दंतवैद्याकडे नेऊन पोलादी दात बसवले. समितीने चित्र आणि गाय शेजारी शेजारी उभी करून तपासली. शेपूट चित्रापेक्षा आखूड भरली, पण निसर्गाच्या किरकोळ चुका मोठ्या मनाने माफ कराव्या लागतात.

समिती गेल्यावर उस्तिन्या दुधाचा तांब्या घेऊन लोपातिन यांच्या गावातल्या खोलीवर आली.

"इन्नोकेंती साव्विच, पुढच्या चित्रात गोठ्याला छप्पर काढा," ती म्हणाली. "नीट काढा, खिळे दिसू देत. आणि माझे पाय गवतातून बाहेर काढा हो. मागल्या खेपेला तुम्ही लपवलेत, म्हणून दात आले पण बूट आले नाहीत."

लोपातिन यांना आधी ही चेष्टा वाटली. पण बाई हसत नव्हती, आणि आता तर ती हसू शकत होती. त्यांनी छप्पर काढलं. बूटही काढले, त्यासाठी पन्नाशीत पहिल्यांदा बसून पावलांचा सराव केला. मंडळ खूष झालं. बर्फ पडायच्या आत गोठ्यावर पत्रे चढले आणि उस्तिन्या नव्या बुटांत दूध काढू लागली.

मग गावात रीतच पडली. लोहाराला भाता हवा होता, शाळेला शेगडी. शेताचे अध्यक्ष येर्मोलाय फोमिच खासगीत येऊन इस्पितळाचं कसं काय जमेल, असं विचारून गेले. त्याला मोठा कॅनव्हास लागेल, असं लोपातिन यांनी सांगितलं. त्या वर्षी जिल्ह्याला झालेल्या पुरवठ्यापैकी पंच्याऐंशी टक्के माल तैलरंगात आधी आला होता. (उरलेला जलरंगात. तो लवकर खराब झाला.) कलेचा समाजावर काय परिणाम होतो याविषयी प्राध्यापक शतकभर लिहीत होते. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात शेगडी नव्हती. लोपातिन मात्र रस्त्याने जाताना बायकांच्या पायांकडे पाहायचे आणि आयुष्यात प्रथमच त्यांना आपण चित्रकार झाल्याचं बरं वाटायचं.

आता गावाला पूल हवा होता. वसंतात नदीचा बर्फ फुटला की झामोश्ये महिनाभर तुटून पडायचं. मागच्या खेपेला सुईण पलीकडे अडकली आणि मूल अलीकडे जन्मलं. लोपातिन यांनी कॅनव्हासवर पुलाचे खांब कोळशाने आखून घेतले.

तेवढ्यात जिल्हा सचिव स्तेपान आर्खिपोविच गोलुब्त्सोव यांनी त्यांना बोलावून घेतलं. मंजूर चित्रांना खोटं म्हणता येत नव्हतं आणि खरं करणं परवडत नव्हतं, अशा कात्रीत तो माणूस वर्षभर वाळला होता. त्याने चहा मागवला, जाम पुढे केला आणि अगदी मायेने विचारलं,

"खरं सांगा, तुम्हाला स्वतःला काय रंगवावंसं वाटतं?"

हा प्रश्न लोपातिन यांना गेल्या वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"धुकं," ते म्हणाले. तरुणपणी त्यांनी नदीवरचं धुकं रंगवलं होतं आणि त्यात कामगारवर्ग दिसत नाही म्हणून कडक समज मिळाली होती.

"धुक्याला काय काय लागतं?"

"काही नाही."

"मंजूर," सचिव म्हणाला.

लोपातिन यांनी त्या खांबांवरूनच धुकं रंगवलं. हात असा चालला की त्यांना जेवणाची शुद्ध राहिली नाही. आयुष्यातलं सर्वोत्तम चित्र होतं ते, आणि हे त्यांना ठाऊक होतं. गाव पाहायला आलं. सगळे टोप्या काढून उभे राहिले. उस्तिन्या पुढे होऊन बराच वेळ निरखत होती.

"पूल कुठाय?" तिने विचारलं.

"धुक्यात आहे," लोपातिन म्हणाले.

"मग तिथंच राहील तो," ती म्हणाली आणि आणलेला दुधाचा तांब्या न ठेवताच परत गेली. पुढच्या वसंतात तिची सून अडली. सुईण पलीकडेच होती. बाळ वाचलं, सून वाचली नाही.

लोपातिन यांना पदक मिळालं. प्रांतातल्या सर्व चित्रकारांना धुक्याची परवानगी मिळाली आणि 'धूसर संप्रदाय' उदयाला आला. त्या धुक्यात रशियन आत्म्याची अथांग खोली आहे, असं समीक्षकांनी सप्रमाण सिद्ध केलं. संग्रहालयात आजही त्या चित्रासमोर माणसं मान तिरकी करून उभी राहतात आणि हळू आवाजात बोलतात. छापील प्रतींना दिवाणखान्यासाठी चांगली मागणी आहे, कारण कोणत्याही रंगाच्या सोफ्याला त्या शोभतात.

ही हकीकत मी पुष्कळ रसिकांना सांगितली आहे. ऐकून झाल्यावर ते चित्र कुठे पाहायला मिळेल, असं सगळेच विचारतात. तुमच्याही मनात तेच आलं असेल. पूल पुढे झाला का, हे अजून कोणी विचारलेलं नाही.