दुधाइतका पातळ

घड्याळजींना बायकोनं एका रविवारची मुदत दिली होती. "एकच दिवस. घरात वास आला किंवा कुठं डाग पडला, तर ती फटफटी आणि तुमची सगळी फौज माळ्यावर जाईल," असं तिनं बजावलं होतं. फटफटी म्हणजे रंग फवारणाऱ्या एअरब्रशला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर, आणि फौज म्हणजे रंगवायला आणलेले अंगठ्याएवढे चाळीस सैनिक. आयुष्यभर घड्याळांच्या पोटात डोकं खुपसून बसलेल्या माणसाला दुकान बंद केल्यावर एवढाच नाद उरला होता. तोही गेला, तर दिवसभर भिंतीकडे बघत बसायचं.

त्यामुळे तयारीत त्यांनी कसर ठेवली नाही. मागच्या खोलीची खिडकी सताड उघडली. टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवलं, त्याच्या पाठीला पंखा बसवला आणि पंख्याचा पाईप थेट बाहेर सोडला. रंग पाण्यातलाच होता, पण फवारा छातीत जायला नको, म्हणून गाळणीच्या दोन डबड्यांचा मास्क नाकातोंडावर करकचून आवळला.

घोडं अडलं ते एअरब्रशच्या माहितीपुस्तिकेतल्या एका ओळीपाशी. रंग दुधाइतका पातळ करावा, असं तिथं लिहिलं होतं. दुसऱ्या कुणी ते अंदाजानं केलं असतं. पण अंदाजानं काही करणं घड्याळजींच्या रक्तातच नव्हतं. ते मास्कसकट स्वयंपाकघरात गेले. पातेल्यातलं उरलंसुरलं दूध एका वाटीत ओतलं, तसल्याच दुसऱ्या वाटीत पांढरा रंग घेतला आणि थेंब थेंब थिनर घालत बसले. दोन्ही वाट्या तिरक्या करायच्या, कडेवरून ओघळ कसा उतरतो ते बघायचं, की पुन्हा दोन थेंब. अर्ध्या तासानं ओघळ इतके सारखे उतरू लागले, की कुठली वाटी कुठली ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. मोठ्या समाधानानं एक वाटी उचलून ते खोलीत परतले.

सेनापतीवर पहिला हात मारला. सेनापती राखाडीच राहिला. दुसरा हात, तिसरा हात. नुसते ओघळ. बोटानं पुसून बघितलं, तर बोट तुपकट लागलं. एअरब्रशमध्ये दूध होतं! मग रंग कुठं होता?

नेमका तेव्हाच बाहेरून कपबश्यांचा आवाज आला. बायकोची ताई आणि तिचे यजमान, म्हणजे घड्याळजींचे साडू, गप्पा मारायला आले होते. साडूंनी तीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेलं. गोळ्यांच्या पाकिटांवरची माहिती वाचून वाचून त्यांना जगातली सगळी लक्षणं पाठ होती.

घड्याळजी धावत सुटले. मास्कमधून वर येणाऱ्या वाफेनं चष्मा धुरकटून गेलेला. दाराच्या चौकटीवर खांदा आपटत ते ओरडले, "पिऊ नका! पिऊ नका!"

"काय म्हणतायत?" ताईंनी विचारलं.

"पिऊन टाका म्हणतायत," साडू म्हणाले. "बाहुल्या दाखवायची घाई झाली असेल. आटप." आणि त्यांनी एका दमात कप रिकामा केला.

घड्याळजींनी मास्क ओरबाडून काढला. "अहो, त्यात रंग होता!"

"कसला रंग?"

"पांढरा."

"कुठला नाही हो विचारत! कशाचा?"

"सैनिकांचा!"

साडू मटकन खाली बसले. स्वतःची नाडी धरून म्हणाले, "जीभ जड व्हायला लागली. हे पहिलं लक्षण. आता बोटं गार पडतील." त्यांनी बोटं गालाला लावून बघितली. "पडली."

"मला तर काहीच होत नाहीये," ताई म्हणाल्या.

"तुला कधी काय झालंय! मुलाला सांग, दुकानाच्या पाटीवरून माझं नाव काढू नकोस म्हणावं."

एवढ्यात बायको बिस्किटं घेऊन आली. घड्याळजींनी विचारलं, "अगं, चहात कुठलं दूध घातलंस?"

"दूध? पातेलं तुम्हीच रिकामं केलंत ना! लिंबू पिळून कोरा चहा केलाय."

घड्याळजींनी चष्मा पुसला. ताईंच्या हातातल्या कपात तांबूस चहा स्वच्छ दिसत होता. "आणि ती वाटी?"

"एवढंसं दूध चौघांना काय पुरणार? विरजण लावून ठेवलं."

"अगं, विरजण लागलंय ते माझ्या रंगाला!" घड्याळजी खाली मान घालून खोलीत गेले आणि कॉम्प्रेसरची वायर गुंडाळू लागले. मग बाहेर बायकोच्या हसण्याचा स्फोट झाला. भिंतीला धरून, पदर तोंडावर दाबून ती हसत होती. डोळे पुसत ती दारात आली.

"राहू दे ती वायर. वर्षभरात इतकी हसले नव्हते मी. रंगवा तुमची फौज. फक्त तो मास्क लावून कुणाशी बोलू नका."

बाहेर ताईंनी नवऱ्याकडे रोखून बघितलं. "काय हो, जीभ कशी आहे?"

साडूंनी जीभ बाहेर काढून आत घेतली आणि गंभीरपणे म्हणाले, "उतरतंय हळूहळू. लिंबू होतं म्हणून वाचलो."