सासूबाईंनी धुतलेला पुरावा

"माणसाच्या घामात फेरोमोन असतात म्हणजे असतात! बाई त्या वासाने पुरुषाकडे ओढली जाते. शुक्रवारी सिद्ध करून दाखवतो!" आमच्या या संशोधकाने विभागप्रमुख मॅडमना छातीठोकपणे सांगून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "पतंगांमध्ये असतात, कबूल. माणसाचं अजून कुणाला पक्कं दाखवता आलेलं नाही. तुम्हालाही जमलं नाही, तर प्रकल्प बंद!"

मग काय! बारा पुरुषांनी बिनआंघोळीचे तीन दिवस एकाच बनियनवर काढले. प्रत्येक बनियनवर पक्क्या शाईने नंबर. पठ्ठ्या स्वतःही त्यात होता, सात नंबर. प्रयोगशाळेचा फ्रीझर नेमका तेव्हाच बिघडला, म्हणून बनियनच्या बाराही पिशव्या त्याने घरच्या फ्रीझरमध्ये कोंबल्या.

शुक्रवारी सकाळी बघतो तर फ्रीझर रिकामा! आणि गॅलरीत बारा बनियन वाळतायत, पांढरेशुभ्र!

"जावईबापू, मळके कपडे कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का?" सासूबाई म्हणाल्या. "टाकले धुऊन!"

त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. मॅडमना खरं काय ते सांगायचं ठरवून तो बनियन पुन्हा पिशव्यांत भरून धावत सुटला. पण मॅडमनी दारातच पिशव्या हिसकावल्या. "किती उशीर!" म्हणत त्यांनी हुंगायला बोलावलेल्या वीस बायकांपुढे त्या मांडल्यासुद्धा. हुंगाहुंगी सुरू!

"अहाहा, सात नंबर!"

"सात नंबरवाल्याचं लग्न झालंय का हो?"

वीसच्या वीस जणींनी सात नंबरला पैकीच्या पैकी गुण दिले! त्याची कॉलर आपोआप ताठ झाली. गप्प बसलं की प्रकल्प वाचत होता, वर रुबाब वेगळाच! पण त्याला राहवेना.

"मॅडम, सगळे धुतलेले आहेत. सासूबाईंनी."

मॅडम हसून हसून खुर्चीत कोलमडल्या. "अहो, मी वर्षानुवर्षं हेच सांगतेय! गुण मिळतात साबणाला आणि कौतुक होतं घामाचं. तुलनेला धुतलेले बनियन ठेवायचं तुम्हाला सुचलंच नव्हतं. आता दोन्ही हुंगवा. खरं बोललात, म्हणून दिली प्रकल्पाला दोन वर्षं वाढवून!"

घरी येताच तो म्हणाला, "सासूबाई, तुमच्यामुळे वाचलो! तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही."

"उपकार कसले मेले! अकरा झटक्यात निघाले. त्या सात नंबरला मात्र तीनतीनदा साबण लावला, तेव्हा कुठे वास गेला. कोण हो हा इतका घाणेरडा?"

"आहे एक ओळखीचा," असं पुटपुटत तो टॉवेल घेऊन बाथरूममध्ये शिरला.