भागूआत्याची उलटतपासणी

आमच्या भागूआत्याचं भांडण जेवणवेळेला थांबत असे, संपत नसे. शेजारणीशी जुंपलेली असताना भाकरी थापायची आठवण झाली, की ती अंगणात पाटी पालथी घालायची आणि म्हणायची, "हे हितं झाकलं. उरल्यालं उद्या!" दुसऱ्या दिवशी पाटी उचलून त्याच शब्दापासून पुढं सुरू. आमच्या टाकवे गावातल्या लोकांनी हळूहळू तिच्याशी भांडणं सोडूनच दिलं. मग ती कोंबड्याला, चुलीला, उशिरा उगवल्याबद्दल सूर्यालाही सुनवायची.

नवरा गेल्यावर ती माहेरी, म्हणजे आमच्याकडे, कायमची आली होती. घरात तिला उलट बोलणारी एकच, माझी धाकटी बहीण चंद्रा. पंधरा वर्षांची, जीभ कातरीसारखी.

एका सुगीत चंद्रा भाताच्या पेंढ्यांनी भरलेल्या गाडीवरून पडली. डोकं दगडावर आपटलं. तळेगावच्या डॉक्टरांकडे ती बरेच दिवस होती. शुद्धीवर आल्यावर त्यांनी नाव विचारलं, बोटं मोजायला लावली. सगळं बरोबर. आम्ही तिला घरी आणलं, आईनं गूळ वाटला.

घरी आलेली चंद्रा मात्र भलतीच गुणी. काहीही सांगा, "व्हय." आई खूश. तिला बघायला आलेल्या इंदुरीच्या पाहुण्यांनी तर पाहताक्षणी पसंती कळवली.

"पोर लय शानी झाली," वडील म्हणाले.

"शानी न्हाई, बिगडली!" आत्यानं चंद्राच्या हातात चरवी दिली. "चंद्रे, रेड्याचं दूध काढून आन."

"व्हय," म्हणून चंद्रा गोठ्यात गेली. आम्ही हसलो. बराच वेळ झाला तरी ती येईना, तेव्हा वडील बघायला गेले. रेड्यापाशी चरवी घेऊन ती नुसती उभी होती. वडिलांनी चरवी काढून घेतली आणि इंदुरीला "एवढ्यात नको" असा निरोप धाडला.

आत्यानं डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "डोक्याला मार लागला की होतं असं. बोटं मोजता येतात, थट्टा कळत नाही. ती आधी कशी बोलायची ते तुम्हालाच ठाऊक. रोज बोलत राहा, फरक पडला की मला सांगा."

झालं! आत्याला डॉक्टरी परवानगीच मिळाली. ती चंद्रापुढं बसून धडधडीत थापा मारायची. "लोहगड आपल्या आज्ज्यानं बांधला." "यंदा खाचरात मीठ पेरायचं." चंद्रा म्हणायची, "व्हय." आत्या पुटपुटायची, "आजून न्हाई." होळीच्या सुमारास 'व्हय' म्हणण्याआधी चंद्रा जरा थांबू लागली. मग एकदा तिच्या कपाळाला आठी पडली. ती आठी सांगायला आत्या तळेगावपर्यंत चालत गेली.

उन्हाळ्यात एका दुपारी शेजारच्या सखूमावशी आल्या होत्या. चंद्रा तांदूळ निवडत होती. आत्या सांगत होती, "ल्हानपनी मी लय गरीब. माजा आवाज कंदी गावानं ऐकला न्हाई."

चंद्रानं सुपातून मान वर न करता विचारलं, "तवा गाव बहिरं हुतं का?"

सखूमावशींना ठसकाच लागला. आई पिठाच्या हातानं बाहेर आली, लेकीकडे बघत राहिली आणि चौकटीला टेकून हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी हसली.

आत्या मात्र उठून गोठ्यामागं गेली. मी मागोमाग गेलो, तर पदर तोंडाशी धरून रडत होती.

"आत्या, लागलं का तुला तिचं बोलणं?"

"न्हाई रं. मालक गेल्यापासून समदी माज्याशी जपून बोलत्यात. 'व्हय आत्या, बरं आत्या.' ही एकटी पोर मला मानसात धरून भांडायची."

तिनं नाक पुसलं, पदर खोचला आणि घराकडे वळली.

"कोन बहिरं गं, चंद्रे?" अंगणात पोचायच्या आतच तिनं आवाज चढवला.

आतून लगेच उत्तर आलं.