डावा पाय किंचित ओढतो

सडक अर्जुनीच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असलेल्या हेमेंद्र पटलेकडे दोन कामं होती. एक सरकारी, गावोगावच्या गोठ्यांत, म्हणजे इकडच्या बोलीत कोठ्यांत, जाऊन गाई-बैलांवर उपचार करायचं. दुसरं बाबूजींनी लावलेलं. त्याच फेऱ्यांत धाकट्या बहिणीसाठी, गुंजनसाठी, मुलगे हेरून ठेवायचे. बाबूजी म्हणजे त्याचे वडील इंदरलाल पटले, सौंदडचे धानाचे शेतकरी. त्यांचं म्हणणं साधं होतं, "तू लोकाइच्या कोठ्यापर्यंत जाऊन राहिला. कोठ्यापर्यंत गेलेल्या माणसापासून घरातलं काही लपत नाही."

यापूर्वी आलेल्या दोन मुलांपैकी एकाचं वय पाच वर्षांनी वाढलं होतं आणि दुसऱ्याची नोकरी चौकशीअंती नाहीशी झाली होती. त्यामुळे गुंजनने बजावलं होतं की पुढच्या मुलाची सगळी माहिती आधी हवी, ती मिळेपर्यंत आपण कोणासाठी पोहे करणार नाही.

हेमेंद्र माहिती जमवायचा, पण ती चिठ्ठ्यांवर. रविताने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा त्याची पँट धुतली तेव्हा अकरा गाईंचं लसीकरण आणि दोन होतकरू जावई एकदमच वाहून गेले. त्या संध्याकाळी त्याने मोबाईलवर नोंदींचं ॲप शोधायला घेतलं.

पहिल्या ॲपमध्ये मराठी जोडाक्षरं फुटायची, 'म्हैस' लिहिली की ओळखू येत नसे. दुसरं फोनवर फुकट चालायचं, पण तेच घरच्या टॅबवर दिसायला हवं तर वर्षाचे पैसे मागायचं. तिसरं दर वेळी पासवर्ड विचारायचं आणि पासवर्ड त्याने त्याच ॲपमध्ये लिहून ठेवला होता. चौथं मात्र मनासारखं निघालं. गावाचं नाव, त्याच्या पोटात घर, घराच्या पोटात हवे तितके मथळे. शिवाय फोनवर लिहिलेलं त्याच क्षणी घरच्या टॅबवर आणि बाबूजींच्या फोनवर हजर. बाबूजींनी त्यात लिहिण्याचाही हक्क मागून घेतला, नुसतं वाचून काय करू म्हणाले.

हायवेपासून चार किलोमीटर आत असलेल्या एका गावी जागेश्वर टेंभरे राहायचे. त्यांच्या घराखाली हेमेंद्रने दोन मथळे केले, 'मुलगा ओमेश' आणि 'बैल'. दोघांचंही त्याने मन लावून लिहिलं.

मंगळवारी सकाळी इंदरलाल अंगणात खुर्ची टाकून ॲप उघडून बसले. फोन लहान आणि बोटं विळ्याला सरावलेली. पान वर सरकवायला गेले, तर एक मथळाच बोटाला चिकटून वर गेला आणि भलत्याच ओळींच्या डोक्यावर जाऊन बसला, आणि तिथला मथळा खाली त्याच्या जागी आला. त्यांना ते कळलंही नाही. ॲप इमानदार होतं, तो घोळ त्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत तिन्ही ठिकाणी पोचवला.

तासाभराने हेमेंद्र दुसऱ्या एका गावी होता. टेंभऱ्यांच्या बैलाला दिलेलं औषध आठवेना म्हणून त्याने फोन काढला. बैलाखाली लिहिलं होतं, 'बी.एस्सी. कृषी. स्वतःचं कृषी केंद्र. दारूला शिवत नाही.' क्षणभर त्याला बैलाचं कौतुकच वाटलं. मग त्याने घाईघाईने ओमेशखाली पाहिलं. 'स्वभाव गरीब. खाण्यात नखरे नाहीत. अनोळखी माणूस पाहून बिथरतो. डावा पाय किंचित ओढतो.' आणि त्याखाली बाबूजींची ताजी ओळ होती, 'बाकी ठीक. पाय पाहून येतो. निघालो.'

त्याने फोन लावला. तो सौंदडहून निघालेल्या स्कुटीच्या डिक्कीत वाजत राहिला. शेवटी हेमेंद्रने मोटरसायकल काढली. वाटभर त्याला एकच दिसत होतं, उद्यापासून तालुक्यातला एकही माणूस आपल्याला कोठ्यात पाय ठेवू देणार नाही, आणि गुंजन तर घरात.

तो टेंभऱ्यांच्या ओसरीवर पोचला तेव्हा इंदरलाल पाटावर बसले होते आणि त्यांचे बहुतेक प्रश्न विचारून झाले होते. खाण्यातल्या नखऱ्यांवर ओमेशच्या आई, निर्मलाबाई, खुशीने बोलल्या होत्या. बिथरण्याच्या प्रश्नावर ओमेश लाजला होता. आता इंदरलालांनी नेमका शेवटचा प्रश्न टाकला होता.

"पोराचा डावा पाय ओढते म्हणतेत. कायले ओढते?"

जागेश्वर बशीत चहा ओतून फुरके मारत होते. त्यांच्या हातातली बशी थांबली. निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाबूजी, ते तं बैलाचं..." हेमेंद्रने दारातूनच सुरुवात केली, पण त्याच्याकडे कोणी पाहिलंही नाही. सगळे ओमेशकडे पाहत होते.

ओमेश हळूच म्हणाला, "दोन साल झाले. हायवेवर गाडी घसरली होती, पायात रॉड हाये. चालताना नाही दिसत, पायऱ्या चढताना दिसते." मग आईकडे वळून म्हणाला, "मी तं पहिलेच सांगून राहिलो होतो का लपवू नका."

हेमेंद्रने ओमेशच्या पायाकडे पाहिलं. या घरी तो चार वेळा येऊन गेला होता, पण चारही वेळा त्याचं लक्ष बैलाच्याच पायाकडे होतं.

इंदरलालांनी ओमेशला जवळ बसवलं. मग म्हणाले की आजवर भेटलेल्या घरांत विचारूनही कोणी एक शब्द खरा बोललं नव्हतं, हा पहिलाच. पायाचं काय, त्यांचा स्वतःचा गुडघा गेली दहा वर्षं ओढतच होता. त्यांनी हेमेंद्रच्या पाठीवर हात ठेवला. "आणि या माझ्या पोराची नजर पाहा. बैल पाहता पाहता माणूस ओळखून राहिला."

खरं सांगायला हेमेंद्रने तोंड उघडलं होतं. तेवढ्यात कोणीतरी चहाचा कप हातात दिला, तेव्हा ते उघडलेलं तोंड त्याने चहासाठीच वापरलं.

निर्मलाबाईंनी पदर खोचला. "पाहुणे, तुमचं विचारून झालं असंल तं आता मी विचारू का? माझी मावसबहीण तुमच्या सौंदडलेच राहते."

त्यांनी बोटं उघडली. पहिलं बोट असं, की मुलीचा भात कधी कच्चा राहतो, कधी करपतो. इंदरलालांनी मान डोलावली. दुसरं असं, की चहा पिताना फुरका मारणाऱ्या माणसाजवळ मुलगी बसत नाही. जागेश्वरांनी बशी अलगद खाली ठेवली.

"आणि रागावली का दोन दोन दिवस कोणाशी बोलत नाही, असं आयकलं. खरं हाये का?"

इंदरलालांनी हेमेंद्रकडे पाहिलं. हेमेंद्र कोठ्यातल्या बैलाकडे पाहू लागला. खऱ्याचं एवढं कौतुक करून झाल्यावर आता माघार घेणं इंदरलालांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"तीन तीन दिवस," ते म्हणाले.

निर्मलाबाईंनी बोट मिटलं आणि आत आणखी पोहे टाकायला सांगितलं.